बावीस पावलं

“काही अडचण?” मी विचारलं.

“काही नाही, साहेब,” अकरा बायका म्हणाल्या.

माझ्या पाठीमागे, पाण्याच्या हौदाशेजारी, आदल्या दिवशीचे अडतीस गळके कॉक लाल क्रेटमध्ये पडले होते. मोटरसायकलच्या टाकीखाली पेट्रोल चालू-बंद करायचा कॉक असतो ना, तो आम्ही करायचो. सहाशेत अडतीस गळके. त्याच्या आदल्या दिवशी एकेचाळीस. डिसेंबरातले सकाळचे आठ वाजले होते, पत्र्याच्या शेडमध्ये थंडी मी म्हणत होती, आणि अकराजणी पदरात हात गुंडाळून शाळेतल्या शहाण्या मुलींसारख्या ओळीत उभ्या होत्या. क्रेटकडे कुणी बघत नव्हतं. माझ्याकडेही नाही.

“शेवंताबाई, तुम्ही तरी बोला. अकरा वर्षं वायसर बसवताय. काय बदललंय?”

शेवंताबाई वयानं आणि नोकरीनं सगळ्यांत थोरल्या. त्यांनी कपाळावरचा पदर नीट केला.

“काय न्हाई बदललं, साहेब. तुम्ही तक्त्यावर लिवलंय तसंच करतोय की.”

तेही खरंच होतं. कोणी काय, कुठल्या क्रमानं करायचं याचा तो तक्ता मीच लिहिला होता.

ही गोष्ट वीस वर्षांपूर्वीची, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतली. चौसष्ट माणसांचा कारखाना आणि पुण्याची गाड्यांची एक मोठी कंपनी हे एकमेव गिऱ्हाईक. त्यांनी आमचा एक लॉट परत पाठवला होता. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकलं तर काय होतं हे वेगळं सांगायला नको. सोबतच्या पत्रात चारच ओळी होत्या. आठ दिवसांत दोन हजार निर्दोष कॉक द्या, त्यातला एक जरी गळला तर काम दुसरीकडे. त्या आठांतला हा तिसरा दिवस होता.

मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो आणि पुण्याहून पाच दिवसांचं शिक्षण घेऊन आलो होतो. जाताना नुसता सुपरवायझर होतो, येताना गळ्यात स्टॉपवॉच घालून आलो. रोज थोडं थोडं सुधारायचं, वाया जाणारी प्रत्येक हालचाल हुडकून काढायची, आणि ती हुडकायला काम करणाऱ्या माणसालाच विचारायचं, असं तिथं शिकवलं होतं. पहिल्या दोन गोष्टी मला मनापासून आवडल्या. तिसरीचं सोंग मात्र मी झकास वठवायचो.

आल्या आल्या मी सहा बाय चारचा प्लायवूडचा फलक करून घेतला. ‘सुधारणा फलक’. दारातून आत येणाऱ्या पाहुण्याच्या नजरेत पहिल्यांदा तोच भरला पाहिजे, म्हणून पूर्वेच्या खिडकीवरच ठोकला. दुसऱ्या कुठल्या भिंतीला तो असा उठून दिसला नसता. फलकाच्या मधोमध फोटो होता मालन सुतारचा. हातात बक्षिसाचा चार पुडांचा स्टीलचा डबा, अंगावर ठेवणीतली साडी, आणि चेहऱ्यावर हसू दाबताना होते तशी फजिती. फोटोखाली माझ्या सुबक अक्षरात कार्ड होतं: ‘आधी: दोन माणसं, बावीस पावलं. नंतर: एक माणूस, तीन पावलं.’

फोटो राहिला होता. मालनबाई नऊ महिन्यांपूर्वीच गेल्या होत्या.

त्या तीन दिवसांत मी काय काय केलं नाही? वायसर दुसऱ्याकडून मागवले. दोनशे कॉक एकेक करून मोजले. हौदातलं पाणी बदललं, हवेचा दाब तपासला, ड्रिलचं पातं नवं बसवलं. गळती तशीच. कॉक हौदात बुडवून हवा सोडली की त्याच्या मानेशी एक बारीकसा बुडबुडा येई. तो बुडबुडा मला जेवताना दिसायचा, दाढी करताना आरशात दिसायचा. गळका कॉक उघडला की आतला रबरी वायसर काठाला किंचित चिरलेला. कशानं चिरतो? बसवताना. मग कालपरवापर्यंत का चिरत नव्हता? सकाळचे आणि दुपारचे कॉक एकाच पिंपात पडायचे आणि दुसऱ्या दिवशी तपासायला यायचे, त्यामुळे कुठला कधी बसवला याचा पत्ताच नसायचा. हे आता सांगताना मला माझीच कीव येते.

चौथ्या दिवशी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. नांद्रेकर साहेब तसे वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्या वडिलांनी एका जुन्या लेथवर स्वतः उभं राहून हा कारखाना उभा केला होता, आणि ती लेथ अजून केबिनबाहेर हार घालून ठेवलेली होती.

“मगदूम, शनिवारी सकाळी गाडी भरायची आहे.”

“हो साहेब.”

“कळलं का काही?”

“नाही, साहेब.”

त्यांनी टेबलावरचा एक कॉक उचलला, उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. “तुम्हाला पुण्याला मी पाठवलं. तुमच्या सुधारणा बघायला दोनदा पाहुणे आले, मी त्यांना फिरवून दाखवल्या. आता लोक विचारतील, नांद्रेकरांचं काय झालं? मी काय सांगू?”

नोकरीची भीती होतीच, पण त्याहून वाईट एक गोष्ट आतून कुरतडत होती. आपण शहाणे नाही आहोत हे चौसष्ट माणसांसमोर उघडं पडणार होतं, आणि त्या शहाणपणाच्या पायी त्यांच्या चुली विझणार होत्या.

पाचव्या दिवशी माझा तोल गेला. बेचाळीस गळके निघाले होते. मी क्रेट उचलून बायकांच्या टेबलावर आपटला.

“हे बघा! तुमच्याच हातचं आहे हे! शनिवारनंतर इथं कुलूप लागेल, मग काय करणार आहात? कुणाला काही माहीत असेल तर आत्ता सांगा. मी पाया पडतो तुमच्या.”

आणि मी खरोखरच हात जोडले. माझा आवाज फाटला होता. टेबलाच्या कडेची एकजण डोळे पुसायला लागली, काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं. शेवंताबाई खोकल्या. ती गप्प झाली.

“आमास्नी काय कळतंय, साहेब,” शेवंताबाई म्हणाल्या. “आम्ही अडाणी बायका.”

सहाव्या दिवशी सकाळी मी मागच्या वर्षीची तपासणीची वही काढून बसलो. मागच्या डिसेंबरात, अख्ख्या महिन्यात, गळके कॉक नऊ. नऊ! तेच यंत्र, तोच माल, त्याच बायका. मी एकेका नावावरून बोट खाली सरकवत गेलो. त्याच बायका, फक्त एक सोडून.

मी मोटरसायकल काढली आणि बामणोलीच्या रस्त्याला लागलो.

रस्ता जेमतेम चार किलोमीटरचा, पण मला तो संपता संपेना. जे नऊ महिने मनात येऊ दिलं नव्हतं ते सगळं त्या चार किलोमीटरांत आलं.

पूर्वी एका टेबलावर दोघी बसायच्या. एक कॉक धरायची, दुसरी वायसर बसवून झाकण पिळायची. मी रोज सकाळी विचारायचो, सुधारणा सांगा, सुधारणा सांगा. एके दिवशी मालनबाई पिशवीतून एक लाकडी ठोकळा घेऊन आल्या. त्यात आप्पेपात्रासारखे चार खळगे होते. कॉक उलटा खळग्यात बसवला की धरायला दुसरं माणूस नको. आप्पे उलटताना सुचलं म्हणाल्या, आणि नवऱ्याकडून रात्रीतनं करून घेतला म्हणाल्या. मी वेडाच झालो. ठोकळा आला, टेबल वायसरच्या मांडणीशेजारी सरकवलं, स्टॉपवॉच लावून पावलं मोजली. मालनबाई दर सकाळी वायसरचं ताट घेऊन पूर्वेच्या खिडकीपर्यंत जायच्या आणि तासाभरानं परत आणायला जायच्या, ती सगळी चाल वाचली. बावीसची तीन झाली. फलक लागला, डबा मिळाला, टाळ्या झाल्या.

आणि त्या टाळ्यांतच मी मोठ्यानं म्हणालो होतो, “सुधारणेमुळे इथं एकाचीही नोकरी जाणार नाही. हा माझा शब्द आहे.”

पंधरा दिवसांनी नांद्रेकर साहेब म्हणाले, “एक माणूस कमी झालं ना? मग नाव द्या.” मी म्हणालो, साहेब, मी शब्द दिलाय. ते म्हणाले, “शब्द तुम्ही दिलाय, पगार मी देतो.” मी एक दिवस घुटमळलो. मग नियमाप्रमाणे सगळ्यांत शेवटी कामाला लागलेल्या बाईचं नाव लिहून दिलं. ते मालन सुतार हेच होतं.

फाटकापाशी मीच त्यांना सांगितलं. त्या “बरं” म्हणाल्या. चार पावलं गेल्या, मग वळून म्हणाल्या, “साहेब, मग ते वायसरचं ताट...”

“ते मी बघतो,” मी म्हणालो. मला ते लवकर संपवायचं होतं.

बामणोलीत सुताराचं घर कुणीही दाखवलं असतं. अंगणात मालनबाईंचा नवरा दाराच्या चौकटीला रंधा मारत होता. त्यानं मान वर केली आणि रंधा थांबवला.

“ठोकळा चाललाय का अजून?” त्यानं विचारलं. या म्हणाला नाही, बसा म्हणाला नाही.

“चाललाय.”

“शिसवी हाय त्यो. चालणार.” आणि पुन्हा रंधा मारायला लागला.

मालनबाई आतून आल्या. बेदाण्याच्या शेडवर निवडायच्या कामाला जात होत्या, त्या दिवशी सुट्टी होती. मला बघून क्षणभर थबकल्या, मग आत जाऊन तांब्या घेऊन आल्या.

“पाणी घ्या. कसं काय आलासा?”

मी पाणी प्यालो. काय बोलायचं ते रस्त्यात दहा वेळा जुळवलं होतं, पण त्यातला एक शब्द आठवेना.

“कॉक गळाय लागल्यात न्हवं?” त्याच म्हणाल्या.

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सांगाय कशाला पायजे? थंडी पडली की गळणारच.”

मी तांब्या खाली ठेवला. “म्हणजे? मालनबाई, म्हणजे काय? काय करत होता तुम्ही? परवा सकाळी गाडी आहे. चौसष्ट माणसं आहेत. मी तुमच्या—”

“पाया पडू नका. सकाळी सकाळी ते बरं न्हाई.” त्या उंबऱ्यावर बसल्या. “सांगते. पर आधी माझा फोटू काढून आणा.”

“कुठला फोटो?”

“भितीवरचा. माझा, डबा घेऊन काढल्याला. अजून हाय न्हवं तिथं?”

“आहे. पण तो तर तुमचा मान—”

“मान असू दे. काढून आणा. मग सांगते.”

मला राग आला. खोटं कशाला बोलू, रागच आला. इथं कारखाना बुडतोय आणि या बाईला फोटोचं पडलंय. तिला माझं नाक घासायचंय, असं वाटलं. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी, आणि खरं तर गाढव कोण होतं ते मला अजून कळायचं होतं.

मी परत गेलो. दुपारचं काम चालू होतं. स्टूल घेतलं, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि फलकापाशी वर चढलो. शेडमधला आवाज हळूहळू कमी होत गेला. अकरा बायकांचे हात थांबले होते. स्टूल डुगडुगत होतं. पहिला स्क्रू निघाला तेव्हा कुणीतरी ते स्टूल घट्ट धरलं. खाली बघितलं तर शेवंताबाई. न सांगता कुणी मदतीला यावं असं त्या सहा दिवसांत पहिल्यांदाच घडलं होतं.

“कुठं नेताय?” त्यांनी हळूच विचारलं.

“ज्यांचा आहे त्यांच्याकडे.”

मी उतरेपर्यंत त्यांनी स्टूल सोडलं नाही.

चार वाजता पुन्हा बामणोली. मालनबाईंनी फोटो हातात घेतला, पदरानं काचेवरची धूळ पुसली, स्वतःकडे जरा वेळ बघितलं आणि चौकट नवऱ्याकडे दिली. त्यानं मागचे खिळे उपसून फोटो बाहेर काढला आणि त्यांना दिला. त्यांनी तो चार घड्या घालून कमरेला खोचला.

“खोबऱ्याचं तेल थंडीत काय करता, साहेब?”

“काय?”

“त्याल. डोक्याचं. गोठतंय न्हवं? मग काय करता?”

“उन्हात ठेवतो.”

“मग वायसरचं तसंच हाय. थंडीत रबर निबर हुतंय. तसंच दाबलं की काठाला चिरतंय. सकाळचं कवळं ऊन पूर्वेच्या खिडकीत येतं. तासभर ताट तिथं ठिवलं की वायसर असा मऊ पडतोय, बोटानं गप बसतोय. मी काय कुठं शिकले न्हाई. घरात जे करतो तेच केलं.”

मी उंबऱ्याखाली पायरीवर बसलो. बावीस पावलं. स्टॉपवॉच लावून मी ती मोजली होती, लाल शाईनं खोडली होती आणि वर खिडकीवर फलक ठोकला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी तर कळसा फेकून देऊन वरून बक्षीस वाटलं होतं.

“मालनबाई, हे तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलं?”

“फाटकात सांगाय लागले हुते.”

ते मी विसरलो नव्हतो. रंध्याचा आवाज तेवढा येत होता.

“एक बरं झालं,” मी शेवटी म्हणालो, “तुम्हाला तरी माहीत होतं.”

मालनबाईंनी माझ्याकडे नवलानं बघितलं. “मला एकटीला? आवो, सगळ्यास्नी ठावं हाय.”

“सगळ्यांना?”

“ताट उचलून ठिवायची मी. पर ऊन लागल्याला वायसर आणि न लागल्याला वायसर, हाताला कळत न्हाई व्हय? शेवंताक्काला तर पैल्या थंडीलाच कळलं आसंल.”

मला ते पटेना. सहा दिवस. मी आपटलेला क्रेट. मी जोडलेले हात. शेवंताबाईंचा खोकला.

“अहो पण कारखाना बंद पडणार आहे! त्यांचीही पोटं आहेत त्यावर. माहीत असून गप्प बसल्या? बुडू दे म्हणाल्या?”

“बुडू दे कोण म्हणंल, साहेब? त्या भ्यात्यात.” त्या जमिनीकडे बघत सावकाश बोलत होत्या, मला नाही तर स्वतःलाच समजावल्यासारख्या. “रोज सकाळी तुम्ही इचारणार, काय अडचण? आणि तुमच्या मागं माझा फोटू. मी बोलले, मला डबा मिळाला, माझा फोटू लागला, आणि मी घरी आले. आता कोण बोलंल? कारखाना बुडला तर समद्याजणी मिळून घरी जातील. बोललं तर एकटीला जावं लागतंय. एकटीनं जायला लई जड जातंय, साहेब. मी जाऊन बघितलंय.”

मला रडू आलं. त्या अंगणात, त्या सुतारासमोर, मी तोंडावर हात धरून रडलो. मालनबाई आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. बिनदुधाचा, गुळाचा. मी तो प्यालो.

“मी तुम्हाला परत कामावर आणतो,” मी म्हणालो. “माझा शब्द—”

“शब्द नका देऊ,” त्या चटकन म्हणाल्या. “तुमचा एक शब्द हाय माझ्यापाशी. त्यो अजून तसाच पडून हाय.”

सातव्या दिवशी सकाळी मी काही विचारलं नाही. वायसरचं ताट उचललं आणि पूर्वेच्या भिंतीकडे चालायला लागलो. भिंतीपाशी पोचलो आणि ताट हातात धरून उभा राहिलो, कारण समोर माझाच फलक होता. मागून चपला वाजल्या. शेवंताबाई आणि आणखी तिघीजणी पुढे आल्या. त्यांनी फलकाला चार बाजूंनी हात घातला, खिळ्यांसकट उपसला आणि भिंतीला टेकवून खाली ठेवला. पत्र्याच्या शेडमध्ये ऊन आलं. खिडकीच्या कट्ट्यावर नऊ महिन्यांची धूळ होती. एकीनं ती पदरानं झटकली. मी ताट ठेवलं.

त्या दिवशी तपासणीला दुसऱ्या दिवसाची वाट बघितली नाही. संध्याकाळपर्यंत एकेक कॉक हौदात बुडाला. बुडबुडा आला नाही. मागच्या मालातलाही एकेक कॉक उघडला, वायसर बदलले, आणि शनिवारी सकाळी दोन हजार कॉक गाडीत चढले. मंगळवारी पुण्याहून निरोप आला. एकही गळका नाही.

नांद्रेकर साहेबांनी सगळ्यांना पेढे वाटले. मी त्यांना केबिनमध्ये सगळं सांगितलं. ऊन सांगितलं, ताट सांगितलं, मालनबाईंनी जे सांगितलं ते सगळं सांगितलं. ते मन लावून ऐकत होते.

“म्हणून म्हणतो साहेब, त्यांना परत घेऊ या. आणि एकदा सगळ्यांसमोर तुम्हीच सांगा की सुधारणेमुळे कुणाला काढणार नाही.”

“अहो, पण आता त्यांना घ्यायचं कशाला?” ते म्हणाले, आणि त्यांना खरंच प्रश्न पडला होता. “युक्ती कळली की आपल्याला.”

गरज सरो, वैद्य मरो. मी केबिनबाहेरच्या हार घातलेल्या लेथकडे बघत राहिलो.

“पण तुमचं म्हणणं मला पटलं, मगदूम. बाईंचा मान राहिला पाहिजे. पुढच्या आठवड्यात पुण्याचे पाहुणे येतायत. तो फलक समोरच्या भिंतीवर घ्या, आणि त्यांचा फोटो परत लावा. मोठा करून लावा. खाली लिहा, दोन सुधारणा.”

मी नाही म्हणायला हवं होतं. राजीनामा टेबलावर ठेवायला हवा होता, निदान भांडायला तरी हवं होतं. मी इतकंच म्हणालो, “फोटो त्यांनी नेलाय, साहेब.”

“मग स्टुडिओत निगेटिव्ह असेल की.”

निगेटिव्ह होती. मी विश्रामबागेतल्या त्या स्टुडिओत जाऊन मोठी प्रत करून आणली. समोरच्या भिंतीवर खिळा मीच ठोकला. स्टूल डुगडुगत होतं. या वेळी कुणी धरायला आलं नाही. उतरून मागे बघितलं तर अकराजणी खाली मान घालून वायसर बसवत होत्या, आणि सगळ्यांच्या पुढचं काम अगदी तक्त्यावर लिहिल्याबरहुकूम चाललं होतं.

बामणोलीला मी पुन्हा गेलो नाही. तो रस्ताच टाळला.

जुलैमध्ये कॉकचे दांडे अडकायला लागले. उघडला तर बंद होईना, बंद केला तर उघडेना. शंभरात पाच, मग आठ, मग अकरा. मी पुन्हा सगळं मोजलं, पुन्हा सगळं बदललं, पुन्हा ओळीसमोर उभा राहिलो.

“काही अडचण?”

“काही नाही, साहेब.”

या वेळी मला ठाऊक होतं की त्यांना ठाऊक आहे. त्यांनाही ठाऊक होतं की मला ते कळलंय. मी एकेकीच्या तोंडाकडे बघायचो आणि त्या माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघायच्या. मी हात जोडले नाहीत. कुठल्या तोंडानं जोडणार? गणपतीत पुण्याचं काम गेलं. दिवाळीच्या आधी कारखान्याला कुलूप लागलं. दांडे कशानं अडकत होते ते मला आजतागायत कळलेलं नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी मी फाटकातून बाहेर पडलो, तर रस्त्यापलीकडे लिंबाच्या सावलीत अकराजणी गोल करून बसल्या होत्या. डबे उघडले होते, एकमेकींना भाकरी वाढत होत्या, कुणीतरी काही बोलली आणि सगळ्या हसल्या. नोकरी गेलेल्या बाया अशा हसतात हे मला बघवेना. मी खाली मान घालून मोटरसायकलकडे निघालो.

“साहेब,” शेवंताबाईंनी हाक मारली. “या, घासभर खाऊन जावा.”

मी गेलो. त्यांनी माझ्या हातावर अर्धी भाकरी आणि झुणका ठेवला.

“शेवंताबाई, आता तरी सांगा. दांडे का अडकत होते?”

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता, काहीच नव्हतं.

“आता काय करायचंय त्ये, साहेब,” त्या म्हणाल्या, आणि सगळ्या बायकांवरून एकदा नजर फिरवली, शेतातनं परतताना बाया मोजून घेतात तशी. “एकटी कुणी गेली न्हाई. येवढं बरं झालं.”